कर्नल लॅम्बटन : राज्याराज्यांतून मोजत आलेला माणूस

एव्हरेस्ट हे नाव सिव्हिलच्याच काय, शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण ज्याचं काम त्यानं पुढे नेलं, तो विल्यम लॅम्बटन आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला, चिरनिद्रा घेतोय हे किती जणांना ठाऊक आहे? मी नेरचा. आमच्या गावाच्या थोडं पूर्वेला ७८ अंशाचं रेखांश जातं. त्याच रेखांशाच्या आसपास लॅम्बटनची त्रिकोणांची माळ कन्याकुमारीकडून वर सरकत होती. म्हणून हा साहेब मला जरा आपल्याकडचाच वाटतो.

१७९९ ची श्रीरंगपट्टणची लढाई संपली आणि त्यानं द्वीपकल्प मोजायचा प्रस्ताव मांडला. आर्थर वेलस्लीची ओळख कामी आली (ओळख तेव्हाही लागायचीच!). एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला साडेसात मैलांची बेसलाइन सुरू झाली. साखळीनं मोजायला ५७ दिवस लागले. थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. १८०८ ला तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला नि यंत्र आपटलं. दुसरा कुणी असता तर नवीन मागवून गप्प बसला असता. यानं तंबूत बसून सहा आठवडे ते स्वतः दुरुस्त केलं. आपण लेव्हलिंगचं रीडिंग चुकलं तर शेजाऱ्याच्या वहीत बघतो!

द्वीपकल्पाची रुंदी नकाशात ४०० मैल होती, मोजल्यावर ३६० भरली.

पण खरी कटकट परवानगीची. त्याचा हुकूम मद्रास सरकारचा, आणि त्रिकोण तर मद्रासची हद्द ओलांडून म्हैसूर, मग निजामाच्या मुलखात शिरणार. डोंगरावर निशाण लावून दुर्बीण रोखणारा परका माणूस कुठल्या राजाला, कुठल्या गावाला आवडेल? शेवटी १८१८ मध्ये हे काम मद्रासकडून काढून थेट गव्हर्नर जनरलच्या हाताखाली गेलं, ठाणं हैदराबादला आलं आणि जॉर्ज एव्हरेस्ट मदतनीस म्हणून मिळाला. तरी संस्थानांच्या हद्दी काही पुसल्या नव्हत्या. आजही जमीन हा राज्याचा विषय आहे. यवतमाळच्या भूकरमापकाची सही शेजारच्या आदिलाबादला चालत नाही.

तेव्हा नेरसकट सगळं वऱ्हाड निजामाचं होतं, आणि वर्धा नदीपलीकडे नागपूरकर भोसल्यांचं राज्य. सत्तरीच्या आसपासचा, खोकल्यानं खंगलेला लॅम्बटन ठाणं नागपूरला हलवायला हैदराबादहून निघाला. भोसल्यांच्या हद्दीत पोचला खरा, पण २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटलाच गेला. तोवर सुमारे १० अंशांचा कंस मोजून झाला होता. पुढची बेसलाइन एव्हरेस्टनं १८२५ मध्ये सिरोंजला मोजली. शिखराला नाव मिळालं ते मदतनीसाचं.