सेवेकऱ्यांना घर देणाऱ्या जेन ॲडम्स



समाजसेवेची आवड असलेले तरुण-तरुणी आजही आपल्याला भेटतात. पण ज्या वस्तीत सेवा करायची तिथे राहायचे कुठे आणि भाडे भरायचे कसे, या प्रश्नापाशी अनेकांचे पाऊल अडते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील शिकागो शहरात एका स्त्रीने एक जुना वाडा दुरुस्त करून या प्रश्नाला उत्तर दिले. त्या जेन ॲडम्स यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

जेन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या गावी झाला. त्या दोन वर्षांच्या असतानाच आई वारली. वडील गिरणीमालक होते. १८८१ साली जेन यांचे शिक्षण संपले आणि त्याच वर्षी वडीलही गेले. डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले, परंतु पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडावे लागले. हाताशी पैसा होता, शिक्षण होते. पण आयुष्य कशासाठी वेचावे हे कळत नव्हते. अशी काही वर्षे गेली.

१८८८ साली त्यांनी लंडनमध्ये टॉयन्बी हॉल पाहिला. तेथे विद्यापीठात शिकलेले तरुण गरिबांच्या वस्तीत शेजारी म्हणून राहत होते. जेन यांना आपली वाट सापडली. मैत्रीण एलन गेट्स स्टार यांच्यासह त्या शिकागोत घर शोधू लागल्या.

हॉल्स्टेड रस्त्यावर त्यांना एक घर दिसले. चार्ल्स हल यांनी १८५६ मध्ये बांधलेला तो वाडा एके काळी शहराबाहेर होता. पुढे शहर वाढले आणि भोवती स्थलांतरित मजुरांची दाट वस्ती झाली. एका बाजूला दारूचे दुकान, तर दुसऱ्या बाजूला अंत्यविधीचे सामान पुरवणारा! त्या घरात कधी जुन्या फर्निचरचे दुकान होते, कधी कारखान्याची कोठारे. आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या व्रतस्थ भगिनींनीही काही काळ तेथे वृद्धाश्रम चालवला होता. माळ्यावर भूत आहे असेही लोक बोलत. पण घराचा सांगाडा भक्कम होता.

दोघींनी आधी वरचा मजला आणि खालचा दिवाणखाना भाड्याने घेतला. डागडुजी केली, रंग दिला, घरचे सामान आणून मांडले. १८ सप्टेंबर १८८९ रोजी त्या तेथे राहायला गेल्या. पुढच्या वर्षी मालकीणबाई हेलन कल्व्हर यांनी सबंध घर बिनभाड्याने वापरायला दिले. घराचे नाव पडले हल हाउस.

तेथे सेवेसाठी येणाऱ्यांची राहण्याची सोय होई. राहण्या-जेवणाचा खर्च ज्याचा त्याने भरायचा, असा शिरस्ता होता. अनेक जण दिवसा नोकरी करीत आणि उरलेला वेळ वस्तीला देत. बालवाडी, संध्याकाळचे वर्ग, दवाखान्याची मदत अशी कामे उभी राहिली. कामगार मुलींना परवडेल असे सहकारी वसतिगृहही निघाले. हल हाउसने त्यांना सामानसुमान आणि पहिल्या महिन्याचे भाडे दिले. पुढचा कारभार मुलींनीच चालवला.

शेजारी राहिल्यामुळे शेजाऱ्यांचे दुःख दिसू लागले. गल्लीतला कचरा उचलला जात नव्हता, म्हणून १८९५ साली जेन स्वतः कचरा निरीक्षक झाल्या आणि पहाटे गाड्यांमागे फिरू लागल्या. हल हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी कारखान्यांची पाहणी केली. त्यातून १८९३ मध्ये बालमजुरीला आळा घालणारा राज्याचा कायदा झाला. १९०७ पर्यंत एका वाड्याच्या तेरा इमारती झाल्या होत्या.

पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे जेन यांना देशद्रोही म्हणून हिणवले गेले. तरी त्या डगमगल्या नाहीत. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २१ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. एलन स्टार यांनी १९२० मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. त्यांची अखेरची वर्षे कॉन्व्हेंटमध्ये गेली.

१९६० च्या दशकात विद्यापीठासाठी वस्ती हटवण्यात आली, बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. मूळ वाडा आणि सेवेकऱ्यांची भोजनशाळा तेवढी राखली गेली. आता तेथे संग्रहालय आहे. ज्या संस्थेने हे कार्य पुढे चालवले, तीही पैशाअभावी २०१२ मध्ये बंद पडली.

म्हणून आम्हाला वाटते, घर वाचले तरी सेवा आपोआप टिकत नाही. तिला प्रत्येक पिढीत नवे रहिवासी लागतात. आपल्यापैकी कोणाचे जुने घर किंवा एखादी खोली कुलूप लावून पडली असेल. ती पाडण्याआधी किंवा विकण्याआधी, एखादा सेवेकरी तेथे राहू शकेल का, एवढा विचार घरातल्या सर्वांनी मिळून जरूर करावा.