तीन तपांचा व्यासंग : महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे

शास्त्राच्या अभ्यासास प्रारंभ करणारे पुष्कळ असतात. पहिल्या प्रकरणाची टिपणे मोठ्या उत्साहाने होतात, दुसऱ्या वर्षी वही कोठे ठेवली ते आठवत नाही, आणि तिसऱ्या वर्षी आपण अमुक विषय हाती घेतला होता एवढीच स्मृती उरते. आश्रमात असो वा संसारात, ही उणीव भिक्षुकांच्या आणि वासनिकांच्याही परिचयाची आहे. प्रस्तुत लेखकही तिला अपवाद नाही. म्हणून ज्यांनी एक विषय हाती धरला आणि तीन तपांहून अधिक काळ तो सोडला नाही, अशा एका पंडिताचे चरित्र येथे सांगावयाचे योजिले आहे.

हे पंडित आपल्या मार्गाचे नव्हेत. त्यांचा विषय स्मृती आणि निबंधग्रंथांचा. स्मार्त व्रते, श्राद्धे आणि देवतांतराची उपासना यांस आपल्या आचारधर्मात स्थान नाही, हे वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्या परंपरेत म्हाइंभटांनी लीळा जाणणाऱ्या भक्तजनांकडे पुनःपुन्हा जाऊन एकेक लीळा शोधून, ताडून घेतली, त्या परंपरेतील वाचकास अशा परिश्रमाचे मोल निराळे पटवून द्यावे लागत नाही.

पांडुरंग वामन काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणजवळ परशुरामाच्या परिसरात झाला. वडील दापोलीस वकिली करीत. दापोलीच्या मिशन शाळेत आणि पुढे मुंबईस विल्सन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९०१ मध्ये बी. ए., १९०३ मध्ये एम. ए.; संस्कृतातील पारितोषिके त्यांनी मिळविली. १९०४ मध्ये रत्नागिरीच्या सरकारी शाळेत ते शिक्षक झाले आणि १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात आले. सरकारी शिक्षणखात्यात राहून वरची जागा मिळावी ही त्यांची अपेक्षा सफल झाली नाही. १९११ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ केला. इतक्या वर्षांच्या संस्कृत अध्ययनानंतर एखाद्याने येथे पोथी मिटली असती. काण्यांनी ती मिटली नाही. साहित्यदर्पण, कादंबरी, उत्तररामचरित, हर्षचरित या ग्रंथांच्या त्यांच्या आवृत्त्या या धामधुमीच्याच कालखंडातील आहेत. पुढे काही वर्षे ते कायद्याच्या महाविद्यालयात प्राध्यापकही होते.

त्यांचे वास्तव्य गिरगावातील आंग्रेवाडीत असे. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून पायी सहज गाठता येणारी ही जागा. ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांस तेथील चाळी, अरुंद गल्ल्या, देवळे आणि दिवसभराचा गलबला ठाऊक असेल. एकांत म्हणून जो शब्द आपण वापरतो, तो येथे शोधून सापडावयाचा नाही. दिवसा न्यायालयातील पक्षकारांची कामे आणि उरलेल्या वेळात ग्रंथ, अशी ही दुहेरी ओढ दीर्घकाळ चालू राहिली. अभ्यासास अनुकूल स्थान मिळाल्यावर बसू, असे म्हणणाऱ्यांनी या आंग्रेवाडीचा विचार करावा.

मोठ्या कार्याचा आरंभ मात्र लहानशा निमित्ताने झाला. नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख हा सतराव्या शतकातील ग्रंथ. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत वारसा, दत्तविधान इत्यादी प्रश्नांत न्यायालये त्यास विशेष प्रमाण मानीत. म्हणून मुंबईच्या वकिलास तो जवळचा. काण्यांनी त्याची आवृत्ती सिद्ध केली व ती १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडका इतिहास द्यावा, एवढाच प्रथम विचार होता. पण एक ग्रंथकार केव्हा झाला हे ठरवावयाचे तर त्याने उल्लेखिलेला दुसरा पाहावा लागतो, आणि दुसऱ्यासाठी तिसरा. प्रस्तावनेत हा विषय मावेना. त्याचा स्वतंत्र ग्रंथ झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने त्याचा पहिला खंड १९३० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सूत्रे, स्मृती, टीका आणि निबंध यांचे कर्ते व काळ आले आहेत.

दुसरा खंड यावयास ११ वर्षे लागली. वर्ण, आश्रम, संस्कार, दान असा त्याचा विस्तार. तो १९४१ मध्ये आला. राजधर्म, व्यवहार आणि सदाचार यांवरील तिसरा १९४६ मध्ये. प्रायश्चित्त, श्राद्ध, तीर्थ यांवरील चौथा १९५३ मध्ये. आणि पाचवा १९५८ व १९६२ अशा दोन वेळी. सर्व मिळून साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे, तीही इंग्रजीत, आणि जवळजवळ प्रत्येक पृष्ठाखाली मूळ संस्कृत वचनांच्या दाट टीपा. आपले विधान वाचकाने तपासून घ्यावे, यासाठी हा खटाटोप. पूर्वमत आधी ठरवून वचने त्यास जुळविणारा मनुष्य असे आधार उघडे करून ठेवीत नाही. तिसऱ्या खंडातील कलिवर्ज्याचे प्रकरण तर आमच्या मते मुद्दाम वाचावे. पूर्वी विहित असलेले कितीतरी आचार पुढे शास्त्रकारांनीच वर्ज्य ठरविले, हे त्यात साधार दाखविले आहे. शास्त्र कधी बदलत नाही असे म्हणणाऱ्यांस आणि शास्त्रच नको म्हणणाऱ्यांस, दोघांसही ते अडचणीचे वाटेल.

या सर्व काळात शरीराची साथ नव्हती. पक्वाशयातील व्रणाने, ज्यास डॉक्टर ड्युओडेनल अल्सर म्हणतात, त्यांना अनेक वर्षे छळले. पोटाचा विकार हा बैठकीच्या कामाचा वैरी. वेदना उठली की पानावरील अक्षर दिसत असूनही वाचले जात नाही, हे ज्यांनी अनुभवले आहे तेच जाणोत. आरंभीच्या आखणीपेक्षा ग्रंथ कितीतरी पट वाढला होता आणि वय साठीच्या पुढे गेले होते. दोन खंडांवर थांबले असते तरी कोणी दोष दिला नसता. ते थांबले नाहीत, आणि ग्रंथ उरकण्यासाठी पुढील खंड आखूडही केले नाहीत.

मानसन्मान पुष्कळ झाले. महामहोपाध्याय ही पदवी, १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राज्यसभेचे सदस्यत्व, चौथ्या खंडास १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९५९ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापकपद आणि १९६३ मध्ये भारतरत्न. यांची याहून अधिक चर्चा येथे नको.

सांगण्यासारखी गोष्ट त्यापुढची आहे. १९६२ मध्ये शेवटचा खंड पूर्ण झाला तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. पहिल्या खंडास तोपर्यंत ३२ वर्षे लोटली होती. मधल्या काळात नवे ग्रंथ छापले गेले होते, नवे संशोधन झाले होते आणि आपल्याच कित्येक निर्णयांचा पुनर्विचार करणे प्राप्त झाले होते. विश्रांती घ्यावयाची सोडून हे वृद्ध गृहस्थ पुन्हा आरंभाकडे वळले. पहिल्या खंडाच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्तीचा पूर्वभाग १९६८ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८८ व्या वर्षी, प्रसिद्ध झाला. १८ एप्रिल १९७२ रोजी ते निवर्तले. उत्तरभाग १९७५ मध्ये छापून आला.