नापास विद्यार्थी, पास वक्ता

मित्रांनो, गॅदरिंगला स्टेजवर कोणी बोलायला उभा राहिला की आपण पहिल्या मिनिटातच त्याचा निकाल लावतो. विनोद जमला तर टाळ्या, नाहीतर शिट्ट्या. म्हणून जो तो टाळ्या मिळतील तेवढंच बोलतो. पण आपल्याच नांदेडात एक माणूस होऊन गेला, ज्याने श्रोत्यांना न आवडणारं सांगितलं आणि तरी लोक त्याला ऐकायला गर्दी करत. ते म्हणजे नरहर कुरुंदकर.

15 जुलै 1932 चा त्यांचा जन्म, गाव कुरुंदा, आज हिंगोली जिल्ह्यात. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. शिकायला ते हैदराबादला मामांकडे राहिले. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे मराठीचे प्राध्यापक, त्यामुळे वाचनाची चटक तिथेच लागली. मुक्तिसंग्रामाचे दिवसही त्यांनी विद्यार्थीदशेतच अनुभवले.

आता गंमत ऐका. ज्या भागात पुढे लातूर पॅटर्नने गुणांचे विक्रम केले, त्याच भागातला हा विद्वान इंटरला नापास झाला, तोही अनेकदा! अभ्यासक्रम सोडून बाकी सगळं वाचायचं, मग दुसरं काय होणार? पुढे ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. शिकवत शिकवतच पदव्या मिळवल्या. 1963 मध्ये पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि 1977 मध्ये तिथलेच प्राचार्य झाले. बॅकलॉगवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवून पुस्तक मिटू नये. सर नापास झाले, पण वाचायचे थांबले नव्हते.

सरांचं व्याख्यान म्हणजे हातात कागद नाही, सगळं डोक्यात. इतिहास, राजकारण, साहित्य, संगीत, कुठलाही विषय चाले. भरताच्या नाट्यशास्त्राचा त्यांचा व्यासंग होता. नाटकातला रस शेवटी प्रेक्षकालाच अनुभवायचा असतो, ही त्या शास्त्रातली मूळ गोष्ट. भाषणाचंही तसंच आहे. समोरच्याचं डोकं कामाला लागलं नाही तर आपण कितीही बोललो तरी फुकट.

त्यांची रीत बघा. मनुस्मृतीवर बोलायचं तर आधी तिच्या बाजूचे लोक काय म्हणतात ते नीट मांडायचं. आपली बाजू या माणसाला समजली आहे, असं श्रोत्याला वाटलं की तो सावरून बसतो, कान देतो. मग सर एकेक मुद्दा घेऊन ती बाजू कुठे टिकत नाही ते दाखवत. स्वतः नास्तिक, पण धर्मग्रंथ श्रद्धाळू माणसापेक्षा बारकाईने वाचलेले. त्यामुळे चिडलेल्या माणसालाही उत्तर द्यायचं तर आधी घरी जाऊन पुस्तक उघडावं लागे. ही व्याख्याने पुढे ‘मनुस्मृती : काही विचार’ या नावाने पुस्तकात आली.

ते हिंदूंना खडे बोल सुनावत, मुसलमानांच्या राजकारणाची चिकित्सा करत आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांनाही सोडत नसत. शिवाजी महाराजांवर बोलताना नुसता जयजयकार न करता महाराजांचं मोठेपण नेमकं कशात आहे ते उलगडून दाखवत. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना वाचा, म्हणजे कळेल. मुळात ते रणजित देसाईंना लिहिलेलं पत्र!

10 फेब्रुवारी 1982 रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय अवघं 49. ज्या जागेवरून आयुष्यभर लोकांशी बोलले, तिथेच शेवट झाला.

आपण सेमिनारला उभे राहतो तेव्हा पाय लटपटतात, कारण समोरचे हसतील ही भीती. मग स्लाइड वाचून मोकळे होतो. कुरुंदकर सर श्रोत्याला भीत नव्हते आणि त्याला कमीही लेखत नव्हते. समोर बसलेल्या माणसाला अवघड गोष्ट समजू शकते, यावर त्यांचा विश्वास होता. पुढच्या सेमिनारला मागच्या बाकावरच्या मित्रावर एवढा विश्वास टाकून तर बघा. अर्थात, आधी आपला विषय आपल्याला समजलेला पाहिजे, काय?