घरातला अभ्यास, शाळेची वाट

चौल-रेवदंड्याहून अलिबागला कॉलेजला येता ना? मग ही गोष्ट तुमच्या रोजच्या एसटीच्या रस्त्यावरचीच समजा. नागाव मागे पडतं, आक्षी येतं आणि मग अलिबाग. साधारण दीडशे वर्षांपूर्वी याच अलिबागेत एक लहान मुलगी घरात बसून अभ्यास करायची. शाळेत नाही, घरात.

तिचं सांगण्याआधी जरा तुमचं आठवून बघा. जून 2020. निसर्ग वादळानं चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, कित्येक दिवस लाइट नव्हते आणि करोनामुळे शाळा तर आधीपासूनच बंद. तुमच्यातल्या बहुतेकांची शाळेची पुढची दीड-दोन वर्षं घरात, मोबाइलच्या पडद्यावर गेली. मग एक दिवस शाळा उघडली. बाक तोच, पण बसताना अवघडल्यासारखं झालं. उत्तर येत असूनही हात वर करायचा धीर होईना. असं झालं होतं ना? ही भावना लक्षात ठेवा आणि मग पुढं वाचा.

त्या मुलीचं माहेरचं नाव यमुना. जन्म 31 मार्च 1865चा, घर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं आणि ती आनंदी गोपाळ जोशी झाली. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून, तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, बिजवर. बायकोला शिकवायचं हे त्यानं लग्नाआधीच पक्कं केलं होतं. पण कल्याणच्या भरल्या घरात सुनेनं पाटी घेऊन बसणं कुणाला रुचणार? म्हणून त्यानं बदली मागून घेतली आणि बिऱ्हाड अलिबागला आणलं. इथं आनंदीला लिहिता-वाचता येऊ लागलं.

हे सगळं गोड होतं असं समजू नका, बरं का! अभ्यास झाला नाही की गोपाळराव मारायचे. हाताला येईल ती वस्तू फेकून मारायचे. पुढं अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात तिनं हे स्वच्छ लिहिलं. त्या वागण्याला चांगलं म्हणावं की वाईट, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. आपणही घाईनं ठरवू नये. शिकवणारा तोच आणि मारणाराही तोच होता, एवढं मात्र विसरू नये.

मग मुंबईला मिशनच्या शाळेत जायची वेळ आली. वय तेरा-चौदा. घरी अक्षरओळख झालेली, डोकं तल्लख, त्यामुळे धडे जड जाण्याचा प्रश्न नव्हता. जड गेला तो घर ते शाळा हा रस्ता. हातात पुस्तकं आणि पायात बूट-मोजे घालून एक ब्राह्मण मुलगी चाललीय म्हटल्यावर लोक भोवती जमायचे, खिदळायचे. ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित माणसं शेरे मारायची, खडेसुद्धा मारायची. दुकानदार तिला बघून थुंकायचे, घाणेरडे हावभाव करायचे. घरात शिकताना एका माणसाचा राग सोसावा लागत होता. इथं तर अख्खा रस्ता अंगावर येत होता.

तरीही ती जात राहिली. याच काळात तिचं बाळ जन्माला आलं आणि दहा दिवसांतच गेलं. बाळंतिणीला आणि मुलाला बघणारी डॉक्टर बाई नव्हती. आपणच डॉक्टर व्हायचं, हे तिच्या मनानं घेतलं ते त्यानंतर.

24 फेब्रुवारी 1883. बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षांचीही न झालेली आनंदी उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जातोय, हे तिनं इंग्रजीत सांगितलं. मुंबईतल्या रस्त्यावरच्या त्या छळाचा हिशेबही तिनं तिथंच मांडला. खडे खाऊन गप्प राहिलेली मुलगी आता भरल्या सभेत बोलत होती.

एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीनं निघाली. नवा देश, नवं कॉलेज, कडाक्याची थंडी, अंगावर नऊवारी, जेवायला शाकाहारी. पण इथं एक फरक होता. न्यू जर्सीतल्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनी एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचून आनंदीशी आधीच पत्रमैत्री जोडली होती. पोचल्यावर आनंदी त्यांच्याच घरी राहिली, त्यांना मावशी म्हणू लागली. फिलाडेल्फियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनीही तिला जपलं. परक्या गावात रुळायला तिला एक घर मिळालं, मुंबईत न मिळालेलं.

11 मार्च 1886ला ती एम. डी. झाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी ती एक. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यांचंही शिक्षण घरातच, आईवडिलांपाशी झालेलं. परतल्यावर आनंदीबाईंना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांचा विभाग सांभाळायचा होता. पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. 26 फेब्रुवारी 1887ला पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. म्हणजे तुमच्या टीवायच्या वर्गातल्या एखादीएवढ्या.

आता सांगा, तिच्या हुशारीला काय कमी होतं? काहीच नाही. अभ्यास घरात होऊ शकतो, तो तिनं करून दाखवला. चारचौघांत जायचं बळ मात्र रस्त्यावरच कमवावं लागतं, आणि त्याची किंमत किती मोजावी लागणार हे ओसरीवर बसलेले लोक ठरवतात.

तुमच्या वर्गातही कुणी बाहेरून परीक्षा देऊन आलेलं असेल, कुणी वाडीवरच्या चार पोरांच्या शाळेतून. पहिल्यांदा उत्तर देताना त्याचा आवाज कापेल, इंग्रजी अडखळेल. मागच्या बाकावरून तेव्हा हशा पिकतो की कुणी सरकून जागा देतं, एवढंच बघा. आनंदी तुम्हाला होता येईलच असं नाही. पण कुणाची तरी कार्पेंटर मावशी व्हायला काय लागतं? चौलच्या एसटीत शेजारची सीट रिकामी असली तरी पुरे.