डॉ. जानकी अम्मल

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी डॉ. जानकी अम्मल यांचे नाव घेतले. पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी आपल्या परिचयाच्या आहेत. जानकीबाईंची ओळख मात्र आपल्यापैकी थोड्याच भगिनींना असेल.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातील तेल्लिचेरी येथे झाला. वडील न्यायखात्यात होते. घरात भावंडांचा मोठा मेळा होता, आणि वडिलांना झाडे व पक्षी यांचा विलक्षण नाद होता. तोच नाद या लेकीने उचलला. बहिणींची लग्ने जमत गेली. जानकीबाईंनी मात्र शिक्षणाची वाट धरली आणि त्या आजन्म अविवाहित राहिल्या. मद्रासला वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन त्या तेथेच स्त्रियांच्या कॉलेजात शिकवू लागल्या. पुढे आशियातील स्त्रियांसाठी ठेवलेली बार्बर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या. हे तेथील एक मोठे सरकारी विद्यापीठ. १९३१ साली त्यांना तेथे डॉक्टरेट मिळाली.

त्यांचा विषय पेशीशास्त्र. हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते. रोपाच्या मुळाचे कोवळे टोक घ्यायचे, औषधात घालून त्यातील पेशी जशाच्या तशा थिजवायच्या, त्याचे अतिशय पातळ काप करायचे, त्यांना रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. पेशी दुभंगू लागते तेव्हाच तिच्यातील गुणसूत्रे दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखी सुटी दिसतात. ती मोजायची. तांदूळ निवडताना खडा चुकू न देणारी नजर आणि तितकाच धीर या कामाला लागतो.

१९३४ साली त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात आल्या. गोड, जाड उसात ८० गुणसूत्रे असतात. रानटी ऊस बारीक, पण काटक. त्याची गुणसूत्रे मात्र जागोजागी निराळी भरतात, कोठे ४०, तर कोठे शंभराच्याही वर. या दोहोंचा संकर करायचा तर हा हिशेब हवाच. जानकीबाईंनी तो मांडला, आणि उसाचा मक्याशीही संकर करून पाहिला. आपल्याकडील उसाच्या ‘को ८६०३२’ या जातीच्या नावातले ‘को’ म्हणजे कोइमतूरच. ही जात पुष्कळ पुढची, त्यांच्या हातची नव्हे. पण ज्या केंद्राचे नाव ती सांगते, तेथे त्यांनी ऐन उमेदीची वर्षे घालविली.

१९४० साली त्या लंडनला गेल्या. शहरावर बाँब पडत असतानाही त्यांनी काम सोडले नाही. डार्लिंग्टन यांच्यासह लिहिलेला, लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा त्यांचा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. १९५१ साली पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या मायदेशी परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याच्या पुनर्रचनेचे काम त्यांनी अंगावर घेतले. पुढे काही काळ त्या मुंबईच्या तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रातही होत्या. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वयाची ऐंशी उलटल्यावरही केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून त्या उभ्या राहिल्या. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्या निवर्तल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते जंगल राष्ट्रीय उद्यान झाले.

मी लग्न केले, संसार केला, आणि त्यात सुखी आहे. मुलींनी संसार करू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण आपल्या आळीतल्या मुली आज जीवशास्त्र हौसेने घेतात, आणि पुढे शिकायला दूरच्या विद्यापीठात जायचे म्हटले की, घरात पहिला विषय निघतो तो स्थळांचा. भगिनींनो, तो विषय निघेल त्या दिवशी घरातल्या एका तरी बाईने मुलीच्या बाजूने बोलावे, एवढेच माझे मागणे आहे.