महावृक्षांचा यात्रिक

अमेरिकेच्या पश्चिम भागात कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तेथील सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर सिक्वोया जातीचे महावृक्ष उभे आहेत. जगाच्या पाठीवर इतरत्र कोठेही ते आपोआप उगवलेले आढळत नाहीत. त्यांपैकी जनरल शर्मन या नावाचा वृक्ष सुमारे २७५ फूट उंच असून बुडाशी त्याचा व्यास ३६ फूट भरतो. काही वृक्षांचे वय तीन हजार वर्षांहून अधिक आहे. गौतम बुद्धांचा जन्म झाला तेव्हाही ते तेथे होतेच. या वृक्षांसाठी ज्याने आपले आयुष्य वेचले, तो पुरुष मात्र त्या देशात जन्मलेला नव्हता.

जॉन म्यूर यांचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. ते अकरा वर्षांचे असताना त्यांचे वडील कुटुंबासह अमेरिकेस गेले व विस्कॉन्सिन प्रांतात रान तोडून शेती करू लागले. वडील अत्यंत कडक स्वभावाचे होते. एकदा त्यांनी जॉनला हातोडा व छिन्नी देऊन खडकात विहीर खोदावयास लावली. सुमारे ८० फूट खोलीवर विषारी वायू साचला आणि मुलगा बेशुद्ध होता होता वाचला. एकदोन दिवसांनी त्याला पुन्हा त्याच विहिरीत उतरविण्यात आले!

घरी रात्री वाचीत बसण्यास मनाई होती. पहाटे उठून वाचण्यास मात्र आडकाठी नव्हती. जॉन रात्री एक वाजता उठू लागले. तळघरातील थंडीत बसून त्यांनी लाकडाची नाना यंत्रे बनविली. त्यांत एक पलंग असा होता की, ठरलेली वेळ होताच तो एका बाजूने खाली कलंडे व निजलेल्यास उभे करी. असे हुशार हात असलेला तरुण कारखान्यात नाव कमावणार, असे सर्वांस वाटले, आणि झालेही तसेच. परंतु मार्च १८६७ मध्ये इंडियानापोलिस येथील गाड्यांच्या कारखान्यात काम करीत असता हातातील कानस निसटली व तिचे टोक उजव्या डोळ्यात शिरले. थोड्याच वेळात दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. काही आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. आता रानफुले पुन्हा दिसणार नाहीत, या विचाराने हा तरुण व्याकूळ झाला. सुदैवाने दृष्टी परत आली. पण म्यूर मात्र कारखान्यात परतले नाहीत. त्याच वर्षी ते सुमारे एक हजार मैल पायी चालत मेक्सिकोच्या आखातापर्यंत गेले, आणि १८६८ मध्ये कॅलिफोर्नियास पोचून योसेमिटीच्या दरीत शिरले. तेथे त्यांनी मेंढ्या राखल्या, लाकडाच्या गिरणीत काम केले आणि उरलेला सर्व वेळ डोंगर पालथे घातले.

१८७५ सालच्या ऑगस्टअखेरीस म्यूर यांनी सिक्वोयांची मोठी यात्रा आरंभिली. सामान ते म्हणाल तर अगदी थोडे. पाव, चहा, घोंगडी, वह्या एवढ्यावर त्यांचे भागे. या खेपेस मात्र वाट लांबची म्हणून त्यांनी ब्राउनी नावाचे एक लहानसे खेचर बरोबर घेतले. दाट झुडपांतून वाट काढताना त्या बिचाऱ्या जनावराचे फार हाल झाले आणि धन्यास त्याची कीव येई. सामान थोडे असले तरी मनात प्रश्न पुष्कळ होते. हे वृक्ष पूर्वी अधिक ठिकाणी होते काय? त्यांची रोपे उगवतात की ही जात नामशेष होत चालली आहे? त्यांच्या वनांमध्ये मोठमोठी मोकळी अंतरे का आहेत?

योसेमिटीपासून दक्षिणेकडे एकेक नदीचे खोरे ओलांडीत ते चालले. कवीआ नदीच्या वरच्या अंगास त्यांना सर्वांत भव्य असे वन लागले. त्याला त्यांनी महावन असे नाव दिले. तेथे एक गुराखी आडव्या पडलेल्या, आतून जळून पोकळ झालेल्या सिक्वोयाच्या बुंध्यातच घर करून राहत असे. त्याने म्यूर यांचा पाहुणचार केला. पुढे एका वणव्याजवळ मुक्काम करून आग वृक्षांशी कशी वागते, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सिक्वोयाची साल कधी कधी दोन फूट जाड असते, त्यामुळे बेताच्या आगीस तो दाद देत नाही. उलट, कोंबडीच्या अंड्याएवढी त्याची फळे उष्णतेने उघडतात, आणि आगीने मोकळ्या केलेल्या जमिनीत बारीक बी रुजते. वनांतील रिकाम्या जागांविषयी म्यूर यांनी असे अनुमान केले की, जेथे पूर्वी हिमनद्या फार काळ वाहत होत्या, तेथे हे वृक्ष अद्याप पसरले नाहीत.

पण या यात्रेत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ठिकठिकाणी लाकडाच्या गिरण्या चालू होत्या. सिक्वोयाचे लाकूड ठिसूळ. वृक्ष कोसळताच त्याचे तुकडे होत. जे ओंडके फार मोठे, ते सुरुंगाच्या दारूने फोडीत. हजारो वर्षांच्या वृक्षापासून कुंपणाचे खांब व छपराच्या फळ्या बनत आणि बाकीचे लाकूड वाया जाई. म्यूर यांनी परत येताच लेखणी उचलली. १८७६ च्या आरंभी त्यांचा लेख सॅक्रमेंटो येथील वृत्तपत्रात आला. पुढे कित्येक वर्षे ते लिहीत राहिले. १८९० साली सिक्वोया व योसेमिटी ही राष्ट्रीय उद्याने झाली. हे श्रेय एकट्या म्यूर यांचे नव्हे. सिक्वोया उद्यानासाठी जॉर्ज स्टुअर्ट या गावोगावच्या लोकांना जागे करणाऱ्या संपादकानेही मोठी खटपट केली होती. १८९२ साली सिएरा क्लब ही संस्था स्थापन झाली व म्यूर अखेरपर्यंत तिचे अध्यक्ष राहिले.

त्यांच्या दृष्टीत एक उणीव होती, तीही सांगितली पाहिजे. ज्या रानांना ते निर्जन समजत, तेथे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते व हाताने लहान वणवे लावून रान मोकळे ठेवीत होते. म्यूर यांनी त्या लोकांविषयी काही ठिकाणी हीनपणाने लिहिले आहे.

मे १९०३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना म्यूर यांच्यासमवेत रानात राहावयाचे होते. म्यूर जगप्रवासास निघण्याच्या बेतात होते, तो बेत त्यांनी पुढे ढकलला. राष्ट्राध्यक्षांनी मेजवान्या टाळल्या आणि मॅरिपोसा वनात सिक्वोयांच्या खाली पहिली रात्र काढली. दुसऱ्या रात्री बर्फ पडले, तेव्हा रूझवेल्ट फारच खूश झाले. तीन रात्री म्यूर त्यांच्याशी वनांविषयी बोलत होते. १९०६ साली योसेमिटीची दरी व मॅरिपोसा वन राज्याकडून राष्ट्रीय उद्यानात आले. त्या जगप्रवासात म्यूर हिंदुस्थानातही आले होते आणि हिमालयातील देवदार पाहून गेले.

शेवटचा लढा मात्र ते हरले. सॅन फ्रान्सिस्को शहरास पाणी हवे होते. त्यासाठी योसेमिटी उद्यानातीलच हेच हेची या दरीत धरण बांधण्याचा कायदा डिसेंबर १९१३ मध्ये झाला. वर्षभराने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिस येथील रुग्णालयात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अलास्कातील प्रवासावरील त्यांच्या अपुऱ्या पुस्तकाची हस्तलिखित पाने तेव्हा त्यांच्याजवळ होती.