विल्यम फ्रूड

विल्यम फ्रूड (२८ नोव्हेंबर, १८१०: डार्टिंग्टन, डेव्हन, इंग्लंड - ४ मे, १८७९: सायमन्स टाउन, दक्षिण आफ्रिका) हे इंग्लिश अभियंता व नौकाशास्त्रज्ञ होते. नौकेला पाण्याचा किती रोध होतो, हे लहान प्रतिकृती ओढून ठरवण्याची भरवशाची पद्धत त्यांनी घालून दिली.

जीवन

इतिहासकार जेम्स अँथनी फ्रूड हे त्यांचे धाकटे बंधू. ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयात शिकल्यावर फ्रूड रेल्वेच्या कामाकडे वळले. १८३७ पासून ते इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल यांच्या हाताखाली ब्रिस्टल-एक्झेटर मार्गावर होते. वडिलांच्या देखभालीसाठी १८४६ मध्ये त्यांनी ते काम सोडले. पुढे ब्रुनेल यांनीच ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाच्या डोलण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला आणि ते कायमचे जहाजांकडे वळले.

प्रयोग

डार्ट नदीत त्यांनी ‘स्वान’ व ‘रेव्हन’ या दोन घाटांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. बोथट टोकांची ‘स्वान’ जास्त वेगात टोकदार ‘रेव्हन’पेक्षा सरस ठरली; म्हणजे उत्तम घाट कोणता, हे वेगावर अवलंबून होते. रोधाचे त्यांनी पृष्ठघर्षण आणि लाटा उठवण्यात खर्च होणारा रोध असे दोन भाग केले. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला, तर प्रतिकृती व जहाज सारख्याच लाटा उठवतात, हा त्यांचा नियम. ब्रिटिश नौदलाच्या २,००० पौंडांच्या अनुदानातून टॉर्की येथे घराजवळ बांधलेल्या टाकीत १८७२ मध्ये मेणाच्या प्रतिकृतींवर चाचण्या सुरू झाल्या. ‘ग्रेहाउंड’ हे खरे जहाज ओढून काढलेले निष्कर्ष १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि शंकेखोरांना उत्तर मिळाले.

रेमस यांची नौका आणि प्लेनिंग

१८७२ मध्येच चार्ल्स मीड रेमस या धर्मगुरूंनी नौदलाला एक योजना सादर केली. पाचरीसारख्या उतरत्या तळामुळे नौका वेगात पाण्यातून वर उचलली जावी, अशी ती कल्पना होती. फ्रूड यांनी प्रतिकृती तपासल्या. त्या काळच्या जड वाफेच्या इंजिनांना साधेल अशा वेगात या घाटाचा फायदा नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. कल्पना चुकीची नव्हती. हलके इंजिन यायचे होते.

आज हवा भरलेल्या लहान रबरी होडीला हाच अडथळा भेटतो. ३ मीटर लांबीची लाट ताशी सुमारे ८ किलोमीटर वेगाने धावते. तेवढ्याच लांबीची होडी या वेगाला पोचली की स्वतःच्याच लाटेत अडकते: नाळ वर जाते, पिछाडी खाली बसते, आणि जोर वाढवला तरी वेग फारसा वाढत नाही. लाटेचा हा चढ ओलांडला, की तळावरील पाण्याचा दाब होडीला उचलून धरतो व ती पृष्ठभागावरून सरकू लागते. यालाच प्लेनिंग म्हणतात. त्यासाठी ओझे कमी करणे, माणसे व इंधनाची टाकी पुढे सरकवणे आणि आउटबोर्ड इंजिनाचा खालचा भाग होडीकडे वळवून नाळ खाली आणणे उपयोगी पडते. हवा कमी असल्यास मऊ तळ मध्ये वाकतो आणि सारा जोर वाया जातो. फ्रूड यांच्या टाकीतल्या मेणाच्या प्रतिकृती ताठ होत्या. त्यांना ही अडचण नव्हती.

मृत्यू

नौदलाचे पाहुणे म्हणून प्रवासास गेले असता सायमन्स टाउन येथे त्यांचे निधन झाले. नौदलाच्या पूर्ण इतमामाने त्यांचे तेथेच दफन करण्यात आले. त्यांचे पुत्र रॉबर्ट एडमंड फ्रूड यांनी काम पुढे चालवले व १८८६ मध्ये प्रयोगशाळा हॅस्लर येथे हलवली. गुरुत्वाकर्षण आणि वेग यांचे नाते दाखवणाऱ्या गुणोत्तराला पुढे ‘फ्रूड अंक’ हे नाव मिळाले.